एअर रायफलचं मॅगझिन निघत नाहीये, बोल्टही पूर्ण जात नाही. लॉक कसा काढायचा?

सांजसावली

नमस्कार मंडळी. रायफल अजून टेबलावर तशीच आहे आणि बाबा दर दहा मिनिटांनी तिच्याजवळ जाऊन उभे राहतात, म्हणून घाईघाईत लिहितेय.

बाबांकडे ४.५ मिमीची पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल आहे, उजव्या हाताच्या बोल्टची. बोल्ट म्हणजे मागे-पुढे सरकणारा दांडा, तो पुढे ढकलला की छर्रा नळीत जातो. मॅगझिन गोल, प्लास्टिकचं, १० छर्‍यांचं, डावीकडून आत सरकवायचं. किती छर्रे उरले तो आकडा मॅगझिनवरच्या छोट्या खिडकीत दिसतो. बाबा ७१ वर्षांचे आहेत. निवृत्त झाल्यावर नेमबाजी सुरू केली, दहा मीटरवर, दिवसाला निशाणाचा एक कागद. हाताला थोडा कंप आहे, पण रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली की तो थांबतो. तो अर्धा तास त्यांचा असतो आणि तो बंद पडावा असं मला अजिबात वाटत नाही.

आज सकाळी चार छर्रे मारून झाले होते. पाचव्याच्या वेळी त्यांनी बोल्ट लावला आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. ते उठून गेले, बोलण्यात वेळ गेला. परत येऊन बसल्यावर त्यांनी बोल्ट मागे ओढून पुन्हा पुढे ढकलला, तर तो अर्ध्यात घट्ट झाला. मागे नीट येतो, पुढे मात्र त्याच जागी अडतो. मॅगझिन काढायला गेलो तर तेही जागचं हलत नाही. खिडकीत ५ आकडा दिसतोय. हवेचा काटा १६० बारवर आहे.

मी मॅगझिनच्या फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून जरा उचकून बघितलं. प्लास्टिकवर ओरखडा आला म्हणून लगेच थांबले. या मॅगझिनला आतून काही लॉक असतो का? असेल तर तो कोणत्या हत्याराने सोडवायचा? आमच्याकडे षटकोनी चाव्यांचा संच, पक्कड, छोटे स्क्रूड्रायव्हर आणि साफसफाईची सळई आहे.

नेमका

घाबरू नका ताई, हे होतं. बोल्टवर तळवा ठेवून जोर लावा, बंद करा आणि समोर मारून टाका. माझ्या रायफलला तीनदा झालंय, तिन्ही वेळा असंच मोकळं केलं.

कानस

सांजसावलीताई, वरचा सल्ला आत्ता पाळू नका. नेमका यांनी मनापासूनच सांगितलंय, पण त्यांच्या वेळी नळीत काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. तुमच्या नळीत काय आहे ते तुम्हीच लिहिलंय, फक्त सुटंसुटं लिहिलंय. ते मी जोडून दाखवतो.

आधी रायफल जिथे आहे तिथेच, तोंड छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे आहे ना बघा. सेफ्टी लावा. बाबांना सांगा की चापाला बोट लावायचं नाही आणि तोंडासमोरून कोणी जायचं नाही, पेटी लांब असली तरी. हे झालं की मगच पुढचं वाचा.

आता मोजू. मॅगझिनमध्ये १० होते. कागदावर भोकं ४ आहेत ना? एकदा जाऊन मोजा, आठवणीवर विसंबू नका. ४ असतील तर मॅगझिनमध्ये ६ हवेत. खिडकी ५ सांगतेय. म्हणजे एक छर्रा मॅगझिनमधून निघालाय पण कागदापर्यंत पोचलेला नाही. तो नळीत आहे. घंटा वाजण्याआधी बाबांनी लावलेला पाचवा. बोल्ट दुसऱ्यांदा ओढला तेव्हा मॅगझिन एक घर फिरलं आणि सहावा समोर आला. तो पुढे जायला निघाला, पण पुढे पाचवा बसलेला. म्हणून सहावा अर्धा मॅगझिनच्या घरात आणि अर्धा नळीच्या तोंडात अडकलाय.

तुम्ही विचारलेला लॉक तोच आहे. या प्रकारच्या मॅगझिनला सहसा काढण्यासारखं कुलूप नसतं. जागेवर राहावं म्हणून एक बारकं लोहचुंबक किंवा स्प्रिंगवर बसवलेली गोळी असते, ती बोटाच्या जोराने सुटते. बोल्ट पुढे असताना मॅगझिन निघत नाही, कारण बोल्टच्या टोकाची सळई मॅगझिनच्या आरपार गेलेली असते. तिला आम्ही प्रोब म्हणतो. तुमचा बोल्ट पूर्ण मागे येतोय, म्हणजे प्रोब वाटेत नाही. वाटेत आहे तो शिशाचा छर्रा, दाराला आडवी खीळ घातल्यासारखा. याच खिळीमुळे मॅगझिन फिरत नाही, म्हणून बोल्ट कितीदा ओढला तरी सातवा पुढे आला नाही. हे तुमच्या पथ्यावर पडलंय.

आता बाहेरून उचकून ही खीळ निघेल का? निघेल, पण शिसं कातरलं जाईल आणि त्याचा तुकडा मॅगझिनच्या चक्रात जाईल. याहून वाईट म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीच्या मागच्या तोंडाला लागेल. नळीच्या त्या कडेला अगदी बारीक उतार दिलेला असतो, छर्रा आत सरळ शिरावा म्हणून. मी काम शिकत होतो त्या पहिल्याच वर्षी अशा एका अडकलेल्या मॅगझिनला पक्कड लावली होती. मॅगझिन निघालं. पण त्यानंतर ती रायफल कागदावर छर्रे उधळायला लागली. आधी जे पाच छर्रे एकाच भोकात जायचे ते बोटभर लांब पडायला लागले. दुर्बिण बदलली, स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू आवळले, नळी साफ केली. शेवटी एक छर्रा बोल्टने आत ढकलून सळईने परत बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. त्याच्या कडेला एक चरा होता. दुसरा काढला, त्यालाही तिथेच. नळीच्या तोंडाला पकडीने केसाएवढा उभार आणला होता आणि प्रत्येक छर्रा आत जाताना तिथे ओरबाडला जात होता. तो उभार घालवायला दोन दिवस गेले आणि ज्याची रायफल होती त्याची स्पर्धा हुकली. तेव्हापासून मॅगझिनजवळ मी पोलादी हत्यार नेत नाही. तुमचा ओरखडा प्लास्टिकवर आहे, तो चालेल. त्याच्या पुढे गेला नाहीत हे बरं झालं.

आता मारून टाकण्याबद्दल. बोल्ट पूर्ण बंद होऊन हँडल खाचेत बसलेलं नसेल तर चाप ओढायचा नाही, कधीच नाही. हवा पुढे जायला दोन छर्‍यांचा अडथळा आणि मागे उघडी वाट, असं असलं की ती मागे येते, तुमच्या गालाकडे. आणि जोर लावून बोल्ट बंद केलाच, तरी एकावर एक बसलेले दोन छर्रे कमी हवेत नळीच्या मध्यावर थांबू शकतात. मग खरं काम वाढतं.

माझी पद्धत अशी. डोळ्यांवर चष्मा, साधा नाही, कामाचा. रायफलसोबत आलेल्या पुस्तकात सिलिंडर रिकामा कसा करायचा ते दिलेलं असतं. पुष्कळींना त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो, षटकोनी चावीचा. तो पाव फेरा, अगदी पाव, उलटा फिरवायचा आणि हवा हळूहळू जाऊ द्यायची. पुस्तक हरवलं असेल तर बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून आधी ते उतरवून घ्या, अंदाजाने कोणताही स्क्रू सोडू नका. गाडीच्या चाकात सव्वादोन-अडीच बार हवा असते. तुमच्याकडे १६० आहे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १६३ किलो. ज्या स्क्रूच्या मागे हा दाब आहे तो चुकीचा सोडला तर गोळीसारखा उडतो. चावी धरताना चेहरा त्या रेषेत आणू नका.

काटा शून्यावर आला की बोल्ट मागे घ्या आणि मग तळव्याने सावकाश, एका दमात पुढे ढकला. हवा नाही, त्यामुळे आता जोर लावायला हरकत नाही, पण ठोकायचं नाही. सहावा नळीत शिरेल आणि पाचव्याला थोडा पुढे सरकवेल. बोल्ट बंद झाला की पेटीकडे तोंड ठेवून, सेफ्टी काढून चाप ओढा, आतला हातोडा खाली येईल, नुसता टक् आवाज होईल. मग बोल्ट पूर्ण मागे. आता नळी आणि मॅगझिन यांच्या मध्ये काही नाही. मॅगझिन दोन बोटांत येईल.

दोन्ही छर्रे आता नळीत आहेत. ते पुढून मागे ढकलायचे, म्हणजे मॅगझिनच्या रिकाम्या खाचेत पडतील. सळई कशाची आहे ते कळवा. पोलादी उघडी असेल तर थांबा.

पितळी

कानस यांनी सगळं सांगितलंय, मी सळईबद्दल भर घालतो कारण माझं नुकसान तिथे झालंय. नळीच्या पुढच्या तोंडाची कड ही छर्‍याला लागणारी शेवटची गोष्ट. तिथे सळई घासली तर हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा तिरका निघतो. प्लास्टिकचा थर दिलेली किंवा कार्बन फायबरची सळई घ्या, टोक पितळेचं आणि सपाट. तुमच्या रायफलला पुढे आवाज कमी करणारी नळकांडी असेल तर ती आधी काढा. आत पडदे असतात, सळई त्यात अडकते.

आणि सुटावं म्हणून नळीत किंवा हवेच्या वाटेवर तेल सोडू नका. साधं मशीनचं तेल आणि दाबलेली हवा एकत्र आली की ते पेट घेऊ शकतं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच.

पानोपानी

एक विषयाला धरूनच पण जुनी गोष्ट. अठराव्या शतकाच्या शेवटी, १७८० च्या सुमाराला, ऑस्ट्रियाच्या सैन्यात गिरांडोनीची एअर रायफल आली. हवेची टाकी म्हणजे तिचा दस्ताच, आणि नळीच्या कडेने शिशाच्या विसाहून जास्त गोळ्यांची लांब नळी. तिच्यात गोळ्या पुढे ढकलायला स्प्रिंग नव्हती. रायफलचं तोंड वर करायचं, गोळी आपोआप मागे घरंगळत यायची. मागे एक आडवा सरकणारा ठोकळा होता, त्यात एकाच गोळीचा खड्डा. ठोकळा दाबला की खड्ड्यात एक गोळी, सोडला की ती नळीसमोर. पुन्हा दाबला तरी खड्डा आधीच भरलेला, दुसरी गोळी येणार कुठून? अमेरिकी सरकारच्या मोहिमेवरचे लुईस आणि क्लार्क १८०४ ते १८०६ मध्ये अमेरिका ओलांडून गेले तेव्हा त्यांच्याजवळही एक एअर रायफल होती, वाटेत भेटणाऱ्या लोकांना ती मारून दाखवत. जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या ठोकळ्यात जी काळजी घेतली होती ती आजच्या कितीतरी मॅगझिनमध्ये नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सांजसावली

भोकं चारच आहेत. तीन वेळा मोजली, बाबांनी वेगळी मोजली. कानसकाका, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं आहे असं धरून चालते. सळईवर काळा प्लास्टिकचा थर आहे, टोक पितळेचं आहे पण टोकदार, कापड खोचायचं.

बाबा विचारतात, छर्रे मागे ढकलताना नळी आतून खराब होईल का?

कानस

नाही होणार. शिसं मऊ, नळी पोलादाची. टोकदार टोक काढून टाका. सळईला पुढे पितळेचा सपाट जोड असेल तर तो लावा, नसेल तर टोकावर कापडाची घट्ट गुंडाळी करा, नाहीतर ते छर्‍याच्या डोक्यात रुतेल आणि छर्रा फुगून आणखी घट्ट बसेल. पहिला धक्का जड लागेल. पाचवा छर्रा नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, बसलाय, तिथून तो हलला की मग सरसर येतो. सळई सरळ रेषेत राहायला हवी, म्हणून एकाने रायफल धरा आणि एकाने ढकला. बाबांना धरू द्या, त्यांना तिचं वजन माहीत आहे.

सांजसावली

झालं! सगळं क्रमाने लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पुस्तक सापडलं. स्क्रू सिलिंडरच्या खालच्या बाजूला, काट्याच्या मागे होता, मी तो एरवी स्टॉकचा समजले असते. पाव फेर्‍याला बारीक सुस्कारा सुरू झाला. आठ-नऊ मिनिटं लागली. मधे स्क्रूभोवतीचा धातू इतका गार झाला की त्यावर दव धरलं. काटा शून्यावर आल्यावरही आम्ही थोडं थांबलो.

बोल्ट तळव्याने ढकलला. आधी काहीच नाही, मग एकदम गच्च काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि हँडल खाचेत बसलं. टक्. मागे घेतला. मॅगझिनला बोट लावलं तर ते स्वतःहून बाहेर आलं. इतकं हलकं आलं की मी स्क्रूड्रायव्हर घातला होता याचं फार वाईट वाटलं.

छर्रे बाबांनी रायफल धरून आणि मी सळई ढकलून काढले. दोन्ही खाचेत पडले. आता माझ्यासमोर पांढऱ्या कागदावर आहेत. पाचव्याच्या डोक्याभोवती आट्यांच्या तिरक्या बारीक रेघा आहेत, अगदी समान अंतरावर, एखाद्या नाण्याच्या कडेसारख्या. सहाव्याचा मागचा घेर, जो पातळ स्कर्टसारखा असतो, तो एका बाजूने आत दुमडलाय आणि त्याच्या पोटात प्रोबच्या टोकाचा गोल ठसा आहे. बाबा बराच वेळ भिंग घेऊन बघत होते.

अजून एक गोष्ट दिसली. मॅगझिन रिकामं करून, पुन्हा छर्रे घालून उभं धरलं तर एका घरातला छर्रा आपोआप घसरून पुढे डोकावतो. बाकीच्या घरांत नाही. हे बरोबर आहे का?

पितळी

नाही. चक्राभोवती एक पातळ ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी असते, ती प्रत्येक छर्‍याला कमरेत धरून ठेवते. ती एका जागी सुकली किंवा चिरली की तिथला छर्रा सैल. तो पुढे डोकावला की मॅगझिन आत घालताना किंवा काढताना अडतं, दोन छर्रे लागलेले नसतानाही. मधला स्क्रू सोडताना झाकण बोटाने दाबून ठेवा, आत फिरकी स्प्रिंग आहे. तिची टोकं कोणत्या खाचेत आहेत त्याचा फोटो आधी काढा. जुनी ओ-रिंग घेऊन जा आणि तिच्याच मापाची आणा. मॅगझिन कोरडंच ठेवा, तेलावर शिशाची पूड चिकटते. आणि सगळं झाल्यावर हात साबणाने धुवा, दोघांनीही.

कानस

ताई, हवा भरताना एक लक्षात असू द्या. सिलिंडर पूर्ण रिकामा झालाय, अशा वेळी पुष्कळ मॉडेल्समध्ये आतला हातोडा व्हॉल्व्हवर टेकून तो किंचित उघडा ठेवतो आणि भरलेली हवा पुढून निघून जाते. बोल्ट मागे ओढून ठेवा, मॅगझिन बाहेर, आणि मग भरा. पुस्तकात पाहून घ्या.

आता एक गोष्ट, ती मी पहिल्याच उत्तरात लिहायची राहू दिली, कारण तेव्हा तुम्ही घाबरला होतात. मॅगझिन अडकलं त्याची मला फार काळजी वाटली नाही. घंटा वाजली तेव्हा टेबलावर भरलेली रायफल ठेवून बाबा दारापर्यंत गेले, त्याची वाटली. दार उघडल्यावर कोण आत येईल सांगता येत नाही. लहान मूलही असू शकतं. म्हणून लावलेला छर्रा मारूनच उठायचं. घंटा वाजू दे, फोन वाजू दे. मारला की बोल्ट मागे, मॅगझिन बाहेर.

स्पर्धेत सगळ्यांना सेफ्टी फ्लॅग लावावा लागतो, तो घरीही लावा. गवत कापायच्या यंत्रात घालतात ती जाड नायलॉनची तार, केशरी रंगाची, नळीपेक्षा हातभर लांब कापून घ्या. मागून घालायची, पुढून बाहेर दिसली पाहिजे. नळीत छर्रा असेल तर ती जाणारच नाही. परत येऊन बसल्यावर आधी तार ओढायची, मग मॅगझिन. डोक्यात हिशेब ठेवायची गरजच उरत नाही.

नेमका

कानस, माझे तिन्ही वेळचे छर्रे किती होते ते मी कधी मोजलेच नव्हते. आजपासून मोजेन. धन्यवाद.

सांजसावली

ओ-रिंग बदलली, हवा भरली. १८० बारवर थांबलो. काल रात्री काटा बघितला, आज सकाळी पुन्हा बघितला, हललेला नाही. आज बाबांनी दहाच्या दहा मारले.

तार अडीच मिमीची मिळाली. बाबांनी ती स्वतः कापली आणि टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं, टोचू नये म्हणून. ती मागून ओवायला त्यांना वेळ लागतो, कंपामुळे टोक नळीच्या तोंडाशी दोनतीनदा हुकतं. मी मदतीला हात पुढे केला तर नको म्हणाले. आज मधेच घंटा वाजली तेव्हा त्यांनी लावलेला छर्रा मारला, तार ओवली, पुढून केशरी टोक बाहेर आलेलं वाकून बघितलं आणि मग मला हाक मारली, "जा, आता दार उघड."